कॅमेरा कुठे उभा आहे?

टेबलामागे एक बाई बसली आहे, समोर कागद. ग्वाटेमालाच्या यादवी युद्धात लष्कराच्या अत्याचारांतून वाचलेल्या इशिल या मूळनिवासी माया समाजातल्या लोकांच्या जबान्या ती एकामागून एक वाचते आहे. काही मिनिटांनी बाजूने दंतवैद्य येतो, तिला तोंड उघडायला लावतो, हिरडीत भूल देणारं इंजेक्शन टोचतो आणि निघून जातो. ती पुन्हा वाचू लागते. थोड्या वेळाने तो परत येतो, पुन्हा सुई. असं चालू राहतं, जवळपास ७० मिनिटं. तिची जीभ जड होते, ओठ लोंबू लागतो, शब्द एकमेकांत अडकतात. ती वाचायचं थांबत नाही.

रेजिना होसे गालिंदो या ग्वाटेमालाच्या कलाकर्तीचं हे २०१३ सालचं काम. नाव ‘ला वेर्दाद’, म्हणजे ‘सत्य’. त्याच वर्षी त्या देशात माजी लष्करशहा रिओस माँट याच्यावर वंशसंहाराचा खटला चालला, १० मे रोजी तो दोषी ठरला आणि दहा दिवसांत वरच्या न्यायालयाने तो निकाल रद्द केला.

ते पाहताना माझं काय झालं ते सांगते. सुरुवातीला मी जबान्या ऐकत होते. तिसऱ्या-चौथ्या सुईनंतर माझं सगळं लक्ष तिच्या ओठाकडे गेलं. आता लाळ गळणार का, आता ती उठणार का? आणि मग ध्यानात आलं की मधल्या एक-दोन जबान्या मी ऐकल्याच नव्हत्या. भूल तिच्या हिरडीत दिली जात होती, सुन्न माझे कान झाले होते.

हिंसेबद्दलच्या अशा व्हिडिओ-कामाला प्रतिसाद द्यायचा म्हणजे काय करायचं, हे बहुतेकांना नीट कोणी सांगितलेलं नसतं. बाहेर पडलं की सोबतचा माणूस सवयीने विचारतो, “कसं वाटलं? आवडलं?” तिथे ‘छान होतं’ म्हणवत नाही, ‘नाही आवडलं’ म्हणावं तर आपण दगडाच्या काळजाचे ठरू असं वाटतं. मग ‘सुन्न झालो’ म्हणून विषय संपवायचा. ‘सुन्न’ हा आपला असल्या प्रसंगी हमखास कामाला येणारा शब्द आहे. त्याच्या मागे जायचं असेल तर आधी हे माध्यम काय आहे ते थोडं पाहू.

व्हिडिओ आर्ट म्हणजे कलादालनासाठी केलेला छोटा सिनेमा नव्हे. सिनेमाला आपण वेळेवर जाऊन बसतो, दिवे मालवतात, गोष्ट सुरू होते आणि संपते. इथे व्हिडिओ बहुधा गोल फिरत असतो: संपला की पुन्हा सुरू. तुम्ही मध्येच शिरता, उभे राहता, कधीही निघता. कधी एकच पडदा असतो, कधी आठ. खुर्ची असेलच असं नाही. विषय लैंगिक हिंसेचा असला की या साध्या व्यवस्थेलाच अर्थ चढतो. तुम्हाला निघून जाता येतं, पडद्यावरच्या बाईला नाही. तुम्ही परत आलात तरी तिच्याबाबतीत तेच पुन्हा घडत असतं.

या माध्यमाकडे बायका इतक्या लवकर का वळल्या, यालाही कारण आहे. १९६७ मध्ये सोनी कंपनीने ‘पोर्टापॅक’ बाजारात आणला. एका माणसाला खांद्यावर घेऊन फिरता येईल असा कॅमेरा आणि रेकॉर्डर. चित्रकला, शिल्पकला यांच्यामागे शतकानुशतकांचे पुरुष गुरू उभे होते. व्हिडिओला पूर्वजच नव्हते. शिवाय फिल्म धुवायला प्रयोगशाळेत पाठवावी लागे, म्हणजे तुमचं खासगी चित्रण आधी कोणीतरी परका माणूस बघणार. टेपला ती अडचण नव्हती. आणि मॉनिटर जोडला की कॅमेऱ्यासमोर बसल्याबसल्या स्वतःला बघता येई. चित्रासाठी बसणारी आणि चित्र काढणारी एकच. मॉडेल म्हणून कित्येक शतकं गप्प बसवलेल्या बायकांसाठी ही केवढी मोठी गोष्ट होती!

त्यांनी सुरुवातीलाच बलात्कार दाखवले असं नाही. अमेरिकी कलाकर्ती मार्था रोसलरचं १९७५ चं ‘सेमिऑटिक्स ऑफ द किचन’ घ्या. सहा मिनिटांचं, कृष्णधवल. एक बाई स्वयंपाकघरात उभी राहून इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने एकेक वस्तू दाखवते. टीव्हीवरच्या पाककृतीच्या कार्यक्रमाची हुबेहूब बैठक. फक्त चेहऱ्यावर हसू नाही, आणि प्रत्येक वस्तू ती जरा जास्तच जोराने वापरते. बर्फ फोडायचा टोचा टेबलात खुपसते. पळीने नसलेलं सूप घेऊन बाजूला भिरकावते. शेवटच्या अक्षरांना वस्तूच उरत नाहीत, मग ती हातात सुरी घेऊन हवेतच अक्षरं काढते आणि खांदे उडवते. लोक हसतात, आणि हसायलाच हवं. पण आपण नक्की कशाला हसलो, हे सांगताना जीभ थोडी अडखळते.

त्याच रोसलरचं १९७७ चं दुसरं काम मला जास्त बोचतं. पांढरे कोट घातलेले दोन पुरुष एका स्त्रीचं मोजमाप घेतात. आधी उंची, मग दंड, मग एकेक कपडा उतरवत पुढचं सगळं. तीन स्त्रिया बाजूला उभ्या राहून प्रत्येक आकड्यावर आवाज करून निकाल देतात: सरासरी, जास्त, कमी. कोणी ओरडत नाही, कोणी कुणाला मारत नाही. कॅमेरा लांब, न हलता. सगळं ३९ मिनिटं इतक्या सभ्यपणे चालतं की नेमकं कुठल्या क्षणी कोणीतरी ‘थांबा’ म्हणायला हवं होतं ते सापडत नाही. सत्ता म्हणजे काय, हे समजावायला याहून सोपं उदाहरण मला माहीत नाही. मोजणाऱ्याने कधी आवाज चढवला नाही, कारण त्याला ती गरजच पडली नाही.

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे येते. आपण वर्षानुवर्षं पाहिलेल्या सिनेमांमधला बलात्काराचा प्रसंग आठवा. कॅमेरा बहुतेकदा हल्लेखोराच्या खांद्यामागे असतो. तो खाली पडलेल्या बाईकडे वरून बघतो, फाटलेल्या बाहीवर रेंगाळतो, पार्श्वसंगीत चढतं. पटकथा अत्याचाराचा निषेध करत असते आणि कॅमेरा त्याच वेळी मजा घेत असतो. सिनेमाच्या अभ्यासक लॉरा मल्वी यांनी १९७५ मध्ये या नजरेला ‘पुरुषी नजर’ असं नाव दिलं. नाव पुरुषी असलं तरी ती नजर फक्त पुरुषांकडे असते असं नाही. आपण सगळेच त्याच खिडकीतून बघायला शिकलोय.

म्हणून अशा कुठल्याही कामासमोर उभं राहिलं की मी आधी अर्थ शोधत नाही. कॅमेरा कुठे उभा आहे, ते बघते. कोणाच्या उंचीवर, कोणाच्या बाजूला? तो कधी वळतो आणि कधी वळायचं नाकारतो? बाकीचं बरंचसं त्यातून उलगडत जातं.

जपानी कलाकर्ती योको ओनोचं ‘कट पीस’ १९६४ मध्ये क्योटोत पहिल्यांदा सादर झालं. ती मंचावर गुडघे दुमडून बसते, पुढ्यात कात्री. प्रेक्षकांनी एकेक करून यायचं, तिच्या कपड्याचा तुकडा कापायचा आणि न्यायचा. १९६५ च्या न्यूयॉर्कच्या प्रयोगाची माहितीपट करणाऱ्या मेझल्स बंधूंनी केलेली छोटी फिल्म आज कलादालनांत व्हिडिओसारखी दाखवतात. लोक आधी संकोचाने बाहीचा कोपरा कापतात. मग धीर चेपतो. शेवटी एक तरुण येतो, सावकाश, मित्रांना दाखवत कापत जातो, अंतर्वस्त्राच्या पट्ट्यांपर्यंत पोचतो. ओनोचे हात आपोआप छातीकडे जातात. प्रेक्षकांतून हसण्याचे आवाज येतात.

पहिल्यांदा पाहताना मी त्या तरुणावर चिडले होते. दुसऱ्यांदा पाहताना कळलं की माझी नजर त्याच्या कात्रीबरोबरच पुढे सरकत होती, पुढचा तुकडा कुठला याची वाट बघत. मी बाई आहे, तरीही. हा शोध सुखाचा नव्हता, पण ‘सुन्न झाले’ यापेक्षा खरा होता.

आणि एक गोष्ट. ओनोने या कामाबद्दल बोलताना देण्याची, स्वतःजवळचं समोरच्याला हवं ते घेऊ देण्याची भाषा वापरली आहे. त्याला बुद्धकथेचा संदर्भ आहे. स्त्रीवरच्या हिंसेचं रूपक म्हणून ते पुढे जास्त वाचलं गेलं. २००३ मध्ये, सत्तरीत, तिने पॅरिसला हेच पुन्हा केलं ते शांततेसाठी. म्हणजे एकच कृती, अर्थ तीन. विषय स्त्री आणि कपडे असा दिसला की लगेच एकच खण उघडून त्यात काम टाकून द्यायचं, ही घाई प्रेक्षकांइतकीच समीक्षकही करतात.

न दाखवता सांगण्याचा रस्ता याहून वेगळा आहे, आणि माझ्या मते जास्त अवघड. दिल्लीचे माहितीपटकार अमर कंवर यांचं ‘द लाइटनिंग टेस्टिमनीज’ २००७ मध्ये जर्मनीतल्या कासेल शहरात डॉक्युमेंटा प्रदर्शनात दाखवलं गेलं. आठ पडदे, साधारण साडेबत्तीस मिनिटं. फाळणीपासून बांगलादेश, मणिपूर, गुजरातपर्यंत या उपखंडात बायकांवर झालेल्या लैंगिक हिंसेच्या साक्षी. आठही पडदे एकाच वेळी चालू असतात. एकीकडे तोंड केलं की दुसरीकडे पाठ होते. कोणाकडे पाठ करायची, हे तुम्हालाच ठरवावं लागतं. मी तिथे मान किती वेळा फिरवली याला गणती नाही, आणि तरी दर वेळी काहीतरी सुटलंच.

त्यातल्या एका पडद्यावर कापड आहे. मणिपूरमधल्या उखरूल भागात १९८६ मध्ये लष्कराच्या माणसांनी तांगखुल नागा जमातीतल्या एका मुलीवर जबरदस्तीचा प्रयत्न केला. ती झगडली, आणि त्यांनी तिला मारून टाकलं. झामथिंगला रुइवा या विणकर बाईने तिच्या आठवणीसाठी ‘कशान’ विणलं. कशान म्हणजे तिथल्या बायका कमरेला गुंडाळतात ते वस्त्र. नक्षीत त्या मुलीची गोष्ट. पुढे इतर बायकांनीही ती नक्षी उचलली, अंगावर घेतली. पडद्यावर रक्त नाही, किंकाळी नाही. लाल-काळ्या धाग्यांची रांग आहे आणि ती नेसलेल्या चालत्याबोलत्या बायका आहेत. इथे कॅमेरा कोणाच्याच खांद्यामागे नाही. तो मागाजवळ उभा आहे.

दक्षिण आफ्रिकेच्या गॅब्रिएल गोलाइथ यांनी २०१९ च्या ‘धिस साँग इज फॉर...’ मध्ये आवाजाचा रस्ता घेतला. बलात्कारातून वाचलेल्यांनी प्रत्येकी एक गाणं निवडलं, गायकांनी ते कॅमेऱ्यासमोर म्हटलं. गाणं मस्त रंगात येतं आणि मध्येच जुनी तबकडी अडकावी तशी एकच ओळ पुन्हा, पुन्हा, पुन्हा सुरू होते. अडकलेली तबकडी आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे, उठून सुई उचलण्याची सवयही आहे. इथे उचलता येत नाही. गायकांचा श्वास लागतो, घसा बसतो, ओळ तीच. मनावरचा आघात पुनःपुन्हा परत येतो म्हणजे काय, हे पुस्तकातून मला जितकं समजलं होतं त्याहून जास्त त्या अडकलेल्या ओळीने समजावलं.

भारतीय कलाकर्ती नलिनी मलानी यांचं २००५ चं पाच पडद्यांचं ‘मदर इंडिया’ हे समाजशास्त्रज्ञ वीणा दास यांच्या निबंधावरून आलेलं. राष्ट्राला आई म्हणायचं आणि दंगलीत दुसऱ्यांच्या बायकांच्या शरीरावरून सीमा आखायच्या, ही दोन्ही कामं एकाच तोंडाने कशी होतात, ते त्यात दिसतं. सत्ता म्हणजे फक्त एक पुरुष आणि एक बाई एवढंच नसतं, हे ध्यानात ठेवायला हे काम उपयोगी पडतं.

आता प्रतिसादाची भाषा. पाहून झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत मी वहीत फक्त क्रियापदं लिहिते: बसली, कापलं, मोजलं, वळला, टोचलं. अर्थ नंतर. आणि कर्ता कोण ते प्रत्येक क्रियापदाला जोडून लिहिते, कारण आपली भाषा इथे लबाडी करायला फार मदत करते. ‘तिच्यावर अतिप्रसंग झाला.’ कोणी केला? पाऊस झाला तसा तो आपोआप झाला. ‘अब्रू लुटली’ म्हणताना गुन्हा मालमत्तेचा होतो, आणि नुकसान शरीराचं नाही तर घराण्याचं. ‘विनयभंग’ शब्दात भंगतो तो तिचा विनय, करणारा शब्दात कुठेच नाही. इतक्या कष्टाने कलाकर्तीने कॅमेरा हलवलेला असतो, आणि आपण एका वाक्यात तो पुन्हा जुन्या जागी नेऊन ठेवतो.

काही प्रतिक्रिया अगदी ठरलेल्या असतात. एका चर्चेत दिवे लागल्यावर पहिला प्रश्न आला, “हे हिच्या स्वतःच्या बाबतीत घडलंय का?” विचारणारे गृहस्थ सभ्य होते, वाईट हेतू नव्हता. पण या प्रश्नात एक अट लपलेली असते: घडलं असेल तर मी गंभीरपणे घेतो, नसेल तर हे नाटक. पुरुष चित्रकाराने युद्धाचं चित्र काढलं की तुम्हाला गोळी लागली होती का, असं कोणी विचारत नाही. ‘सगळे पुरुष तसे नसतात’ ही दुसरी. खरंच आहे ते, पण कामाने तसं म्हटलंच नव्हतं, म्हणून उत्तर कशाला देताय हेच कळत नाही. आणि तिसरी, ‘धाडसी आहे हं!’ हिचा मला सगळ्यात जास्त राग येतो. धाडसी म्हटलं की पुढे काही बोलावं लागत नाही. शाबासकी दिली, काम संपलं.

मग अशा कामावर टीका करायची नाही का? जरूर करायची. दुःखाला हात लावलेलं प्रत्येक काम चांगलं असतं असं मुळीच नाही. कधी पीडित व्यक्ती ओळखू येईल असं चित्रण तिला न विचारता वापरलेलं असतं. हिंसा इतकी देखणी केलेली असते की तिचं पोस्टर व्हावं. किंवा दुसऱ्याच्या मरणावर कलाकाराचं नाव मोठं होतं. क्यूबन-अमेरिकी कलाकर्ती आना मेंडिएटाचं १९७३ चं काम मला अजून या शेवटच्या प्रश्नापाशी अडकवून ठेवतं. ती आयोवा विद्यापीठात शिकत असताना तिथे एका विद्यार्थिनीवर बलात्कार करून तिचा खून झाला. मेंडिएटाने बरोबरच्या विद्यार्थ्यांना घरी बोलावलं. दार थोडं उघडं. आत ती स्वतः टेबलावर वाकलेली, हात बांधलेले, कमरेखाली उघडी, रक्ताने माखलेली. ती जवळपास तासभर हलली नाही. आज त्याची छायाचित्रं आहेत. वर्गमित्रांना न सांगता त्या खोलीत आणणं बरोबर होतं का? माझं उत्तर आठवड्यागणिक बदलतं. पण न सांगता आणलं नसतं तर बातमी वाचून चहा पिणारे ते सगळे चहाच पीत राहिले असते, हेही दिसतं.

इथेच सूचनाफलकांचा मुद्दा येतो. आत लैंगिक हिंसेचं चित्रण आहे, अशी पाटी दाराशी लावली की काहीजण नाक मुरडतात, कलेला कसली पथ्यं म्हणून. ज्यांच्यावर हे ओढवलेलं आहे अशी माणसं प्रत्येक गर्दीत असतात आणि ती चेहऱ्यावरून ओळखू येत नाहीत. पाटी वाचून आत न जाणं, मध्येच बाहेर येणं, बाहेरच्या बाकावर बसून राहणं हेही प्रतिसादच आहेत. त्यांना कारण विचारू नये. पाण्याची बाटली पुढे करावी.

माझ्याही वाट्याला अशी एक पाटी आली. एमा सल्कोविच या अमेरिकी कलाकाराचं २०१५ चं इंटरनेटवर ठेवलेलं काम. नाव मॅग्रिट या बेल्जियन चित्रकाराच्या ‘हा पाईप नव्हे’ या १९२९ च्या प्रसिद्ध चित्रावरून घेतलेलं: ‘हा बलात्कार नव्हे’. खोलीच्या चार कोनांतून, सुरक्षा कॅमेऱ्याने टिपावं तसं चित्रण. सोबतच्या मजकुरात म्हटलं होतं की इथे जे घडतं ते संमतीने घडतं, पण बलात्कारासारखं दिसू शकतं. मग बघणाऱ्यालाच प्रश्न: तुम्ही काय शोधताय? पुरावा? कशाचा? माझ्या इच्छा तुम्हाला स्पष्ट नसतील तर पाहू नका, अशा अर्थाचंही काही होतं. मी ते दोनदा वाचलं. स्वतःला खरं उत्तर दिलं तर ते ‘उत्सुकता’ असं होतं. मी खिडकी बंद केली. त्या व्हिडिओवर मला काही लिहिता येणार नाही, पण त्या मजकुरावर माझा प्रतिसाद तेवढाच होता आणि तो मागितलेलाच होता.

मेंडिएटाचंच १९७३ चं आणखी एक लहान काम आहे, सुपर-एट या छोट्या घरगुती फिल्मवर, तीनेक मिनिटांचं. एका इमारतीच्या दाराखालून फुटपाथवर रक्त आणि मांसासारखं काही ओघळलेलं आहे. ते तिनेच तिथे ठेवलंय, आणि ती समोर लावलेल्या गाडीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांचं चित्रण करते आहे. पहिल्यांदा मी ते रक्त बघितलं. दुसऱ्यांदा चालणाऱ्यांचे चेहरे. तिसऱ्यांदा फक्त पाय: कोणाची चाल मंदावते, कोण वळसा घालतं, कोण खाली बघून वर बघतं आणि तसंच पुढे जातं. दार कोणी वाजवत नाही. शेवटी शेजारच्या दुकानातून एक माणूस येतो आणि फुटपाथ साफ करतो.